माभेलेच्या नावाचं गाणं

मालुसीचा गळा चांगला नव्हता. चर्चच्या गायकांत त्याला दोनदा घेतलं आणि दोनदा काढलं. आवाज खरखरीत, वर चढवला की फाटायचा. पण पाय असे होते, की तो नुसता नळावरून बादली घेऊन आला तरी ओट्यावर बसलेली माणसं नकळत त्याच्या पावलांबरोबर मान हलवायची. आमची वस्ती पोर्ट एलिझाबेथच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला आहे. पंच्याऐंशी साली तिथं असे पाय असलेल्या माणसाला गळा कोण विचारणार?

मी तोझामा. तेव्हा नऊ वर्षांची होते. मालुसीचं घर आमच्या घराला लागूनच, मधे फक्त पत्र्याचं कुंपण. तो एकवीस वर्षांचा, टायरच्या कारखान्यात रबर कापायच्या कामावर. पुढं मी शिक्षिका झाले, त्याची मुलगी माझ्या वर्गात आली, आणि तिला न्यायला तो शाळेच्या फाटकाशी यायला लागला. तिथं उभ्या उभ्या त्यानं मला यातलं बरंचसं सांगितलं. बाकीचं मी स्वतः पाहिलेलं होतं.

त्याला ठेका दोन्हीकडून मिळाला होता. वडील रेल्वेत रूळ टाकायच्या टोळीत. एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी उत्तर देत पहार हाणायची. "गाणं चुकलं की कुणाची तरी बोटं जातात," असं ते म्हणायचे. आई गुरुवारच्या प्रार्थनेची. लाल पोलकं, काळा घागरा, पांढरी ताठ कॉलर, पांढरी टोपी अशा सगळ्या बायका दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत जमायच्या. तिथं ढोल नसायचा. चामड्याची एक छोटी उशी असायची, आत गच्च भरलेली, आणि ती तळहातानं वाजवायची. उशी वाजवण्याचा मान माभेलेचा. ती मालुसीच्या आईहून थोडी मोठी, गोऱ्यांच्या एका घरी धुणं-इस्त्री करणारी, खांद्यानं रुंद. तिचा हात पडला की जमीन खालून उत्तर देतेय असं वाटायचं. मालुसी लहानपणी आईबरोबर जायचा आणि बाकाखाली बसून माभेलेच्या टाचा बघायचा. हात उशीवर आणि टाच जमिनीवर, पण दोन्ही एका वेळी पडायचे नाहीत. टाच जरा मागून यायची. "ते जरा मागून येणं माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही," तो म्हणायचा.

त्या वर्षी दर शनिवारी आमच्याकडं कुणाची तरी अंत्ययात्रा असायची. सभांना बंदी होती, म्हणून अंत्ययात्रा हीच सभा. पोलिसांच्या चिलखती गाड्या मैदानाच्या दोन्ही तोंडांना उभ्या. आणि मधे आमची पोरं तोयी-तोयी करत यायची, गुडघे छातीपर्यंत उचलत, जागच्या जागी पळत, मग सगळी एकदम चार पावलं पुढं. ही चाल उत्तरेकडच्या छावण्यांतून आली होती, लढायला गेलेल्या पोरांबरोबर. आमच्याकडं आल्यावर तिच्यात आमची गाणी शिरली. रेल्वेची हाक शिरली, गुरुवारची उशी शिरली. आमच्याकडं ही सगळी भेळ मालुसीनं केली. एकट्यानं नसेल, पण माणसं त्याचंच नाव घ्यायची.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "भीती नाही वाटायची, मालुसीदादा? समोर बंदुका असायच्या."

"वाटायची की. पण भीती वाटली तर पळायला पाय लागतात ना? पाय तर गाण्यात अडकलेले असायचे."

म्हणून त्याला मागणी होती. कुठल्याही वस्तीत मयत झालं की निरोप यायचा, मालुसीला पाठवा. त्याला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, तो छाती काढून चालायचा तेव्हा. आम्ही पोरीसुद्धा त्याच्या मागं मागं गुडघे उडवत जायचो.

मग जुलैत बहिष्कार सुरू झाला. गोऱ्यांच्या दुकानातून काही आणायचं नाही. साबण नाही, तेल नाही, पाव नाही. जे काय घ्यायचं ते वस्तीतल्या दुकानांतून. शहरातून येणाऱ्या बसच्या थांब्यावर पोरं उभी राहून बायकांच्या पिशव्या बघायची. सापडलं काही तर ओतून द्यायची. काही ठिकाणी तर तेल जबरदस्तीनं प्यायला लावलं, असंही ऐकू यायचं. आमच्या थांब्यावर तोवर तसं काही झालं नव्हतं.

ऑगस्टमधला शुक्रवार होता. वारा सुटलेला. दुसऱ्या दिवशी तीन पोरांना एकदम पुरायचं होतं, तिघंही मालुसीच्या ओळखीचे, एक तर त्याच्याच खात्यातला. थांब्याशी चाळीस-पन्नास जण उद्याच्या गाण्यांची तयारी करत होते. मालुसी कामावरून नुकताच आला होता, अंगाला अजून रबराचा वास. मी आमच्या भिंतीवर बसून बघत होते.

बसमधून माभेले उतरली. एका पोरानं तिच्या पिशवीत हात घातला आणि दोन खोकी वर काढली. निळी खोकी, त्यांत पांढरी भुकटी.

"गोऱ्याचा माल!"

"अरे, खळ आहे ती, खळ! ठेव ती आत," माभेले म्हणाली.

"कुणाला खळ, माय? मडमेच्या झग्याला?"

सगळे हसले. माभेलेही ऐकून घेणारी नव्हती. "तुझ्या आईला जाऊन विचार कुणाला ते. तिला चांगलं ठाऊक आहे."

आता पुढचं मालुसीच्या तोंडूनच ऐकलेलं सांगते. तो म्हणाला, मला तिचा राग आला नव्हता. कसलाच राग नव्हता. 'माभेले' हे नाव पोरांच्या पायांत चपखल बसतंय एवढंच कानाला लागलं, आणि ओळ तोंडातून निघून गेली.

"माभेले कुठं गेली?"

पोरांनी क्षणभरही वाट पाहिली नाही. "गोऱ्याच्या दुकानात!"

"काय घेऊन आली?"

"पांढरं पांढरं पीठ!"

तेवढ्यात कुणीतरी खोकं फोडलं आणि तिच्या डोक्यावर ओतलं. वाऱ्यानं भुकटी तिच्या तोंडभर झाली. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. आणि मालुसीनं तिसरी हाक दिली.

"आता कशी दिसते?"

"गोरी! गोरी! गोरी!"

त्या तीन 'गोरी'ला तीन पावलं, आणि तिसरं पाऊल जरा मागून. अंगावर काटा यावा असं ते जमलं होतं. मीही भिंतीवरून ओरडले. मजा येत होती मला. आमच्या गल्लीतली सगळी पोरं ओरडत होती.

माभेले काहीतरी सांगत होती. हात वर करून, मालुसीकडंच बघत. आवाज ऐकू येत नव्हता, नुसते पांढरे ओठ हलताना दिसत होते. मालुसीनं ते पाहिलं, आणि आवाज आणखी चढवला.

मग ती घराकडं निघाली. पोरं दोन्ही बाजूंनी नाचत तिच्याबरोबर. ती पळाली नाही. पण तिची चाल विचित्र होती. दोन पावलं टाकायची, थांबायची, एक लांब टाकायची, परत थांबायची. मला वाटलं, डोळ्यांत पीठ गेलंय म्हणून धडपडतेय. खरं तर ती ठेका चुकवत चालत होती. आपले पाय त्या गाण्यात पडू नयेत म्हणून मुद्दाम. हे मालुसीला मात्र त्याच वेळी कळलं होतं. कळूनही तो थेट तिच्या फाटकापर्यंत गात गेला.

शनिवारी तीन शवपेट्या निघाल्या. पुढं चर्चच्या बायका. लाल पोलकी नेहमीसारखी, पण कॉलर सगळ्यांच्या मऊ, वाऱ्यानं उलटून गळ्याला चिकटलेल्या. माभेले आली नव्हती. तिची उशीही कुणी आणली नव्हती. मालुसी मैदानाच्या मधोमध आला, गुडघा उचलला आणि रोजची हाक दिली. मागून पोरांचं उत्तर आलं. बायकांचं आलं नाही.

त्यानं परत हाक दिली, आणखी मोठ्यानं. दोनशे बायका समोर बघत चालत राहिल्या. त्याची आईही त्यांत होती. आमच्या गाण्यात हाक एकट्याची असते, ती काही गाणं नव्हे. गाणं होतं ते उत्तरानं. बायकांच्या आवाजाशिवाय पोरांचं उत्तर पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजत होतं. तिसऱ्या हाकेला मालुसीचा आवाज फाटला, आणि एरवी कुणाच्या लक्षात येत नसे ते त्या दिवशी सगळ्या मैदानाला ऐकू आलं. गाड्यांवरचे पोलीसही हसले.

घरी आल्यावर मालुसीच्या आईनं कॉलर सोडून टेबलावर ठेवली.

"हात लावून बघ."

"काय आहे?"

"बघ तर. फडकं झालंय. सगळ्यांनी मिळून पाठवलं होतं तिला. आपल्या दोन्ही दुकानांत खळ नव्हती. ती रोज तिकडं जाते, तीच आणू शकत होती. नको म्हणत होती बिचारी, बहिष्कार आहे म्हणत होती. मी म्हटलं, जा गं, कोण अडवतंय तुला? माझाच पोरगा असतो थांब्यावर."

मालुसीनं कॉलर बोटांत धरली, ती लगेच दुमडली.

"तुझ्या दोस्तांना नीट पोचवायचं होतं आम्हाला. चुरगळलेल्या कपड्यांत नाही."

"मग सांगायचं ना तिनं."

"सांगितलं नाही?"

त्याला ते ओठ आठवले. मग तो जे बोलला, त्याची त्याला पुढं आयुष्यभर लाज वाटली. तो म्हणाला, "मी तिला हात नाही लावला, माय."

"हात नाही लावलास," आई म्हणाली. "पाय लावलेस."

त्याच संध्याकाळी तो माभेलेकडं जायला निघाला. तिच्या फाटकाशी चार पोरं गात होती. तो त्यांच्या अंगावर धावून गेला, तर ती हसत, तेच गाणं म्हणत पळाली. पळताना पाय बरोबर ठेक्यात. आत दिवा नव्हता. हाक मारायची हिंमत झाली नाही. दुसऱ्यांदा गेला तेव्हा निम्म्या वाटेत बहिष्कार-समितीचा एक जण भेटला. तो म्हणाला, "कॉम्रेड, माफी मागितलीस तर उद्या प्रत्येक बाई एक कारण सांगेल. बहिष्कार कच्चा पडेल. जरा थांब." मालुसी थांबला. "मला कुणीतरी थांब म्हणायलाच हवं होतं," तो मला म्हणाला. "त्यानं म्हटलं नसतं तर मी दुसरा शोधला असता."

तो थांबला, गाणं थांबलं नाही. पुढच्या शनिवारी त्यानं नवी हाक दिली, तर पोरं म्हणाली, ती नको, गोरीवालं म्हण. त्यानं नाही म्हटलं. मग त्यांनी त्याच्याविनाच सुरू केलं. गाण्याचं त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं. आम्ही मुली शाळेच्या पटांगणात त्या गाण्यावर दोरीवरच्या उड्या मारायचो, 'गोरी गोरी गोरी'ला दोरी दुप्पट वेगानं फिरवायची. माभेले रोज सकाळी बसला जाताना आणि संध्याकाळी परत येताना आमच्या पटांगणावरून जायची. आम्ही म्हणत राहायचो. तिच्यासमोर म्हणायला जास्तच चेव यायचा, हे मी आज शिक्षिका असून लिहिते आहे.

नोव्हेंबरात शेजारच्या मोटारींच्या कारखान्यांच्या गावी मयत होतं. मालुसी तिथं गेला. तिथं त्याला गाणं भेटलं, दुसऱ्याच एका बाईच्या नावाचं. त्या लोकांनी नाव बदललं होतं, पीठ काढून तिथं पोलिसांचा चहा घातला होता, म्हणजे बाई खबरी. बाकी सगळं तेच. शे-दोनशे माणसं एका घरापुढं गुडघे उचलत होती, आणि तिसरं पाऊल जरा मागून येत होतं. मालुसी रस्त्याच्या कडेला उभा राहिला. "माझे पाय हलायला लागले, तोझामा," तो म्हणाला. "मी खाली बघितलं तर हलतायत. मी ते धरून खाली बसलो." त्या बाईचं पुढं काय झालं ते त्यानं मला सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो मुलीचं दप्तर घेऊन चालायला लागला.

शहाऐंशीत देशभर आणीबाणी आली आणि तो उचलला गेला. आरोप नाही, खटला नाही, नुसतं आत. वीस जणांच्या कोठडीत सकाळी अंगात ऊब यावी म्हणून सगळे गात. तिथं पूर्वेच्या ट्रान्सकाई भागातला एक जण होता, त्यानं मालुसीला कोपऱ्यात गप्प बसलेलं पाहिलं.

"गाणी येत नाहीत वाटतं तुला? ये, एक सोपं शिकवतो. लगेच जमतं."

आणि त्यानं शिकवायला घेतलं. नाव अजून माभेलेचंच होतं, पण ते कुणाचं नाव आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं, माभेले म्हणजे सरकारचीच कुणीतरी हस्तक.

"असं नाही रे," तो मालुसीला म्हणाला. "तिसरं पाऊल जरा मागून टाक. तुला ठेका कळतच नाही की काय?"

"नाही कळत," मालुसी म्हणाला. सगळे पोट धरून हसले. अडीच वर्षं त्या कोठडीत तो बेसूर आणि बेताल माणूस म्हणून राहिला. सांगितलं असतं तर त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं. त्याचीच तर त्याला धास्ती होती.

सुटून आल्यावर कारखान्यात परत घेतलं नाही. मग एका लोखंडाच्या वखारीत लागला, तिथं युनियनमध्ये गेला. संपाच्या वेळी फाटकाशी गाणी लागायचीच. तो उभा राहायचा, पायही हलवायचा, पण हाक द्यायचा नाही. कुणी फार आग्रह केला तर मजुरीवर द्यायचा, भाकरीवर द्यायचा, माणसाच्या नावावर कधीच नाही. एकदा पोरांनी मुकादमाचं नाव घालून गाणं उचललं, तर तो सरळ घरी निघून आला. युनियनवाले म्हणायचे, मालुसी तुरुंगात मऊ पडला.

सरकार बदललं. मग ते दिवस आले, जेव्हा मोठ्या दालनांत आयोगापुढं माणसं उभी राहून आपल्यावर काय झालं आणि आपण काय केलं ते सांगत होती. कुणाचा नवरा नेलेला परत आला नव्हता, कुणाच्या पोराची हाडं मिळाली नव्हती. मालुसी रेडिओ लावून ऐकत बसायचा. मला म्हणाला, "त्या लोकांसमोर मी काय घेऊन जाऊ? खळीचं खोकं? एका म्हातारीच्या डोक्यावर पांढरं पीठ पडलं म्हणून?" आपली लाजही लहान आहे, याची त्याला आणखी लाज वाटायची.

त्याची मुलगी सीवे आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मी नुकतीच या शाळेत लागले होते. तो तिला न्यायला फाटकाशी आला, आणि आत पटांगणात सीवे दोरीवर उड्या मारत होती.

"माभेले कुठं गेली?"

"गोऱ्याच्या दुकानात!"

पोरींना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. माभेले म्हणजे कसलातरी पक्षी, असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. मालुसीनं फाटकाची सळई धरली. तोंड राखेसारखं झालेलं. मी जवळ गेले तर म्हणाला, "तिला कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवावं लागतं का ते, दादा?" मी म्हटलं. "आम्हीही म्हणायचो."

त्या रविवारी तो माभेलेकडं गेला. आमच्याकडं असल्या कामाला एकट्यानं जात नाहीत, म्हणून थोरल्या चुलत्याला घेतलं, आणि एक बकरी. मला म्हणाला, तूही चल. बहुधा माझ्याही तोंडावर काही दिसत असावं. माभेले तेव्हा सत्तरीच्या पुढं गेली होती, पायांना सूज, दारात खुर्ची टाकून बसलेली. चुलत्यानं रीतीप्रमाणं कुळाचं नाव घेऊन सुरुवात केली, आमच्या लेकराकडून चूक झाली, वगैरे. तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

"त्याला तोंड आहे ना? चांगलं मोठं होतं."

मालुसी जमिनीवर बसला. म्हणाला, "माय, तुम्ही सांगत होता ते मी पाहिलं होतं. ऐकू आलं नाही, पण पाहिलं होतं. आवाज मीच चढवला."

तिनं आधी बकरीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"तेरा वर्षं लागली तुला इथवर यायला. सहा घरं सोडून राहतोस."

"हो, माय."

"गाणं वाईट असतं ना, तर आठवड्यात मेलं असतं. चांगलं होतं, हेच माझं नशीब." मग ती पुढं वाकली. "आणि ठेका माझा होता. मला कळलं नाही असं वाटलं तुला? तोंडावर पीठ पडलं तेव्हा डोळे गेले होते, कान नव्हते गेले. गुरुवारचा ठेका. माझ्या हातानं बसवलेला. देवापुढं वाजवायचा तो माझ्याच तोंडावर वाजवलास. त्यानंतर मला उशीला हात लावता आला नाही. लावला की 'गोरी' ऐकू यायचं."

तोवर हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटत होतं, वयामुळं तिनं उशी सोडली.

"मी काय करू, माय?" मालुसीनं विचारलं.

"माझं नाव काढ त्यातून."

"खूप प्रयत्न केला. निघत नाही."

ती हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "मग बकरी घेऊन जा. नको, राहू दे, लेकरं खातील. माफ केलं का, असं हा चुलता विचारेल, मघाशी मी अडवला तो. केलं म्हणते. आपण सहा घरांवर राहतो, दुसरं काय म्हणणार? पण रस्त्यात भेटलास तर माझ्याकडं बघून हसू नकोस. ते मला जमायचं नाही."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मीही म्हणायचे, असं सांगायला हवं होतं. निघताना तिनंच माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुझा आवाज सगळ्यांत वर असायचा." मी मान खाली घालून बाहेर आले.

दोन हजार चारमध्ये ती गेली. मालुसी तिच्या मयताला सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि एकदाही तोंड उघडलं नाही. मी शाळेत पोरींना दोरीसाठी दुसरी गाणी शिकवली. त्यांतलं एक चालतं, बाकीची पडली. गोरीवालं अजून म्हणतात. मी ऐकलं की थांबवते, आणि माझी पाठ वळली की सुरू होतं.

त्यानंतर आठ वर्षांनी वस्तीचं पाणी तोडलं. चार दिवस नळ कोरडे. पाचव्या दिवशी माणसं रस्त्यावर आली आणि तोयी-तोयी सुरू झाली. मालुसीही त्यात होता, त्याच्याही घरी पाणी नव्हतं. मोर्चा नगरपालिकेकडं जायचा होता. पण मधेच कुणीतरी ओरडलं, की पाणी तोडायची यादी करणारी तर इथंच राहते. झुकिस्वा नावाची, पाणीखात्यातली साधी कारकून. आणि पुढची हाक मालुसीनं ऐकली.

"झुकिस्वा कुठं गेली?"

सत्तावीस वर्षांनी तेच गाणं. हाक देणारी पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती. मालुसी रस्त्याच्या मधे दोन्ही हात पसरून उभा राहिला. "थांबा, नाव नका घेऊ कुणाचं!" कुणी त्याला ढकललंही नाही. पोरं गात गात त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली, नदी दगडाला वळसा घालते तशी. मग तो मागच्या गल्लीनं, गुडघे दुखत असताना धावत, त्यांच्या आधी तिच्या घरी पोचला आणि दाराच्या पायरीवर बसला.

ते आले. अर्धा तास त्याच्या नाकासमोर नाचले. "म्हातारा विकला गेला!" म्हणाले. एक ढेकूळ त्याच्या खांद्याला लागलं. तो बसूनच राहिला. म्हाताऱ्याला तुडवून आत जायची कुणाची तयारी नव्हती, आणि जागच्या जागी किती नाचणार? हळूहळू ते नगरपालिकेकडं वळले.

मग दार उघडलं. झुकिस्वा तिशीतली, रडून डोळे सुजलेले. तिनं त्याला आत घेतलं, पिंपातल्या उरल्यासुरल्या पाण्याचा चहा केला.

"ताता, तुम्ही मला ओळखता?"

"नाही."

"मग का बसलात?"

"पाय दुखत होते," तो म्हणाला.

तिनं कप त्याच्यापुढं सरकवला. "मी फक्त नावं लिहिते हो. तोडायचं कुणाचं ते वरून येतं. आणि ते गाणं... लहानपणी मी स्वतः म्हटलंय ते, उड्या मारताना. कुणी रचलं असेल असलं?"

मालुसीनं चहाचा घोट घेतला. हे तो मला दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी सांगत होता. सीवे केव्हाच शाळेतून बाहेर पडली होती, तरी तो अधूनमधून येऊन तिथं उभा राहायचा.

"मग काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"म्हटलं, असेल कुणीतरी जुन्या काळातला."

तो सळईवर बोटं ठेवून उभा होता. बोटं हलू नयेत म्हणून त्यानं ती घट्ट आवळली होती.

"तिचा चहा पीत होतो, तोझामा. तरीही माझं नाव तोंडातून निघालं नाही."